वंशसंहाराचा अभ्यास आणि अध्यापन: विद्यापीठातील वाटचाल कशी आखावी

वंशसंहार अभ्यास या विषयात प्राध्यापक व्हायचे मनाशी ठरवलेल्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी एवढे समजून घ्यावे की या नावाची जागा फार क्वचित निघते. जाहिरात निघते ती आधुनिक युरोपच्या इतिहासासाठी, आंतरराष्ट्रीय कायद्यासाठी, राज्यशास्त्रासाठी, समाजशास्त्रासाठी किंवा मानववंशशास्त्रासाठी, आणि तिच्यात खाली कुठेतरी ‘वंशसंहार व सामूहिक हिंसा या विषयात विशेष काम असल्यास प्राधान्य’ अशी एक ओळ असते. त्यामुळे तयारीचा क्रमही त्याला धरूनच हवा: आधी एक जुनी, भक्कम ज्ञानशाखा, मग एक प्रदेश आणि त्याची भाषा, आणि त्यानंतर वंशसंहार. हा क्रम उलटा करणारे विद्यार्थी चर्चासत्रात छान बोलतात, पण ‘तुम्ही पहिल्या वर्षाला दुसरे काय शिकवाल?’ या निवड समितीच्या साध्या प्रश्नाशी अडतात.

आधी शब्द

मराठी वर्तमानपत्रांत हत्याकांड, नरसंहार, वंशविच्छेद आणि वंशसंहार हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याला ती मोकळीक नाही. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने ग्रीक ‘जेनोस’ म्हणजे वंश वा जमात आणि लॅटिन ‘-साइड’ म्हणजे हत्या यांची सांधणी करून १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. पुढे ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार मंजूर केला आणि १२ जानेवारी १९५१ पासून तो अमलात आला. कराराच्या दुसऱ्या कलमात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक अशा चारच प्रकारच्या गटांचा उल्लेख आहे, आणि असा गट ‘गट म्हणून’ पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध होणे आवश्यक मानले आहे. मेलेल्यांची संख्या किती यावर तो हेतू ठरत नाही. नवख्या विद्यार्थ्याला हीच गोष्ट पचायला सर्वांत जड जाते.

कंबोडियाच्या उदाहरणाने हे चटकन उमगते. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत सुमारे १५ ते २० लाख माणसे मेली आणि त्यांतली बहुसंख्य ख्मेर, म्हणजे राज्यकर्त्यांच्याच वंशाची, होती. परंतु नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या विशेष न्यायालयाने नुऑन चिया आणि खियू साम्फान या नेत्यांना वंशसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले ते व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या संदर्भात, आणि नुऑन चियाच्या बाबतीत चाम मुस्लिमांच्याही संदर्भात. बहुसंख्य ख्मेर जनतेवरचे अत्याचार हे मानवतेविरुद्धचे गुन्हे या सदरात गेले, कारण राजकीय गटांना करारात स्थानच नाही. हा निकाल न्याय्य आहे की कराराच्या तोकडेपणाचा पुरावा आहे, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिता येते. विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात या प्रश्नावर स्वतःचा दहा पानी निबंध लिहून पाहावा. तो लिहिताना जर पुन्हा पुन्हा कायद्याच्या शब्दांकडे मन ओढले गेले तर कायद्याची वाट धरावी, आणि जर गावात नेमके काय घडले हेच जाणून घ्यावेसे वाटले तर इतिहासाची.

भारताने हा करार १९५९ साली मान्य केला असला तरी देशांतर्गत फौजदारी कायद्यात वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हिंसेच्या एका खटल्यात १७ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना ही उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली. कायद्याच्या पदवीधराला संशोधनासाठी इतका नेमका आणि घराजवळचा प्रश्न सहसा मिळत नाही.

पदवी, पात्रता आणि पैसा

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा यांपैकी एकात पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि त्याच विषयात नेट वा सेट द्यावी. राज्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेटच्या विषयांत मानवी हक्क व कर्तव्ये हाही एक विषय आहे. तो आकर्षक वाटतो, पण त्या विषयाच्या जागा इतिहासाच्या मानाने फारच थोड्या, हे लक्षात ठेवूनच निवड करावी. जुलै २०२३ पासून साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक झाली आहे. तरीही या क्षेत्रात पीएचडीशिवाय पुढे सरकता येईल असे समजू नये. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती म्हणजे जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि परदेशी दप्तरखान्याची एक फेरी त्यातून जेमतेम बसते.

परदेशात शिकायचे असेल तर अमेरिकेतील वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठात होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, इतिहास आणि वंशसंहार अभ्यास यांत पीएचडी करता येते. ॲम्स्टरडॅम आणि स्वीडनमधील उपसाला येथे या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. अमेरिकेत पीएचडीची पहिली दोनेक वर्षे अभ्यासक्रमात जातात आणि एकूण सहा-सात वर्षे सहज लागतात. नेदरलँड्स आणि जर्मनीत पुष्कळदा पीएचडी म्हणजे चारेक वर्षांची पगारी नोकरीच असते. फुलब्राइट-नेहरू आणि जर्मनीची डाड या शिष्यवृत्त्यांबरोबरच राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचाही पर्याय अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांपुढे आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या अटी मात्र नीट वाचाव्यात, कारण २०२२ साली तिच्यातून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज यांवरील संशोधनाचे विषय वगळण्यात आले.

मार्गदर्शक निवडताना त्यांची कीर्ती किती यापेक्षा त्यांचे मागचे तीन-चार विद्यार्थी आज कुठे आहेत हे पाहावे. पहिल्या पत्रात आपली संतापाची वा करुणेची भावना मांडू नये. कोणता प्रश्न, कोणती साधने आणि कोणती भाषा, एवढेच दीड पानात लिहावे. भावना सगळ्याच अर्जदारांकडे असते, त्यामुळे निवड करणाऱ्याला तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

भाषा

माझ्या मते या व्यवसायात माणूस टिकतो की नाही हे इथेच ठरते, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. मोडी वाचता येत नसताना पुण्याच्या पेशवे दप्तरात बसून मराठेशाहीवर प्रबंध लिहू पाहणाऱ्याची जी गत होईल, तीच गत अरबी लिपीतली उस्मानी तुर्की न वाचता उस्मानी साम्राज्यातील आर्मेनियन वंशसंहारावर मूलभूत काम करू पाहणाऱ्याची होते. १९२८ च्या लिपीबदलामुळे आजच्या सुशिक्षित तुर्क माणसालाही १९१५ ची सरकारी तार खास शिकल्याशिवाय वाचता येत नाही.

भाषेचे वजन किती असते हे पाहायचे असेल तर रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आरुशा येथे २ सप्टेंबर १९९८ रोजी दिलेला ज्याँ-पॉल अकायेसू खटल्याचा निकाल काढून वाचावा. हा मनुष्य आधी शिक्षक होता आणि १९९४ मध्ये ताबा या कम्यूनचा, म्हणजे स्थानिक प्रशासकीय विभागाचा, बुर्गमास्टर, म्हणजे महापौर, होता. आंतरराष्ट्रीय न्यायासनाने वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलेला तो पहिला आरोपी. निकालात साक्षींच्या भाषांतरावर एक स्वतंत्र भाग आहे. बहुतेक साक्षीदार किन्यारवांडात बोलत होते, त्याचे आधी फ्रेंच आणि फ्रेंचवरून इंग्रजी होत होते, आणि अशा दुहेरी गाळणीतून आलेल्या वाक्यावर एका माणसाची जन्मठेप अवलंबून होती. न्यायाधिकरणाने त्यासाठी भाषातज्ज्ञाची साक्ष घेतली. ‘इन्येंझी’ या शब्दाचा कोशातला अर्थ झुरळ. पण १९९४ च्या एप्रिलमध्ये तो कोण, कुणाबद्दल आणि कुठे उभे राहून म्हणत होता, यावर त्याचा अर्थ ठरत होता. ‘इबयित्सो’ म्हणजे साथीदार, आणि हळूहळू त्याचा रोख शेजारच्या तुत्सींकडे, म्हणजे ज्यांचा संहार झाला त्या समाजाकडे, वळत गेला. बलात्कारासाठी साक्षीदार स्त्रियांनी गुसाम्बान्या, कुरुंगोरा, कुर्यामाना, गुफाता कु न्गुफू अशी वेगवेगळी क्रियापदे वापरली होती, आणि त्यांचा नेमका अर्थ ठरवण्यासाठी न्यायाधिकरणाला आपल्या त्रिभाषी दुभाष्यांना बरोबर घेऊन साक्षींच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या.

याच खटल्यात मूळ आरोपपत्रात लैंगिक हिंसेचा आरोप नव्हता. साक्षींदरम्यान स्त्रिया बोलू लागल्या, पीठावरील एकमेव महिला न्यायाधीश नवनेथम पिल्ले यांनी प्रश्न विचारले, आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली. त्यातूनच बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते असा निर्णय प्रथमच आला. विद्यार्थ्याने या निकालातील दहा पाने मराठीत उतरवून पाहावीत. कोणत्या शब्दापाशी लेखणी अडते हे वहीत टिपत गेल्यास प्रबंधाचे प्रकरण कुठे दडले आहे हे त्या टिपणांतून दिसू लागते.

मराठी विद्यार्थ्याला बांगला तुलनेने लवकर येते आणि १९७१ च्या पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांवर अजून खूप काम व्हायचे आहे. ढाक्याचे मुक्तियुद्ध संग्रहालय आणि ढाका विद्यापीठातील वंशसंहार अभ्यास केंद्र ही तिथली सुरुवातीची ठिकाणे. मृतांचा अधिकृत आकडा ३० लाख सांगितला जातो आणि संशोधकांत त्यावर मोठे मतभेद आहेत. आकड्याच्या भांडणात प्रबंध अडकू न देता एखादा जिल्हा किंवा एखादे शहर घेऊन काम करणे शहाणपणाचे.

साधने, दूरची आणि जवळची

न्यायाधिकरणांची कागदपत्रे, मोठ्या प्रमाणात, आता घरबसल्या मिळतात. रवांडा आणि युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणांचे दप्तर त्यांच्या वारस यंत्रणेकडे आहे. जर्मनीतील बाड आरोल्सन येथील आरोल्सन दप्तरखाना संशोधकांसाठी २००७ मध्ये खुला झाला आणि नाझी छळाला बळी पडलेल्यांची सुमारे तीन कोटी कागदपत्रे तिथे आहेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील शोआ फाउंडेशनकडे ५५,००० हून अधिक चित्रित साक्षी आहेत आणि त्यांत आर्मेनिया, कंबोडिया, रवांडा येथून बचावलेल्यांच्या साक्षीही आहेत.

परंतु सरावासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. सोव्हिएत सत्तेने १९४० च्या सुमारास पूर्व पोलंडमधून उचलून नेलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे ५,००० निर्वासित इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. त्या हद्दपारीला वंशसंहार म्हणावे का, हा प्रश्न विचारला की कराराची व्याख्या पुन्हा हातात घ्यावी लागते. तिकडे मुंबईत १९३४ साली ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लेडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही नावे आपल्याकडे प्रोग्रेसिव्ह चित्रकारांचे पाठीराखे म्हणून घेतली जातात, पण ती माणसे मुंबईत का आली हे फारसे सांगितले जात नाही. त्याहून विलक्षण बाब अशी की ज्यू म्हणून हिटलरच्या राज्यातून पळालेल्या काही जणांना सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्रजांनी ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून पकडून अहमदनगरच्या छावणीत नाझी समर्थकांच्या शेजारी ठेवले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात चार आठवडे बसून असा एखादा धागा शोधणे ही पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी पुरेशी आणि प्रामाणिक तालीम आहे.

मुलाखतींच्या बाबतीत घाई करू नये. बचावलेल्या माणसाची तीस वर्षांपूर्वीची नोंदवलेली साक्ष उपलब्ध असताना केवळ प्रबंधात ‘क्षेत्रकार्य’ दिसावे म्हणून त्याला तीच रात्र पुन्हा जगायला लावणे मला गैर वाटते. मुलाखत घ्यायचीच असेल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता, त्या देशाचा संशोधन परवाना, दुभाष्याची पार्श्वभूमी आणि संमतिपत्राची भाषा या चार गोष्टी निघण्याआधी पक्क्या असाव्यात. गुप्ततेचे वचन देताना तर फारच जपावे. बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात सामील असलेल्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती ‘तुमच्या हयातीत उघड होणार नाहीत’ या भरवशावर जमवल्या होत्या आणि २०११ मध्ये पोलिसांच्या मागणीवरून त्यांवर न्यायालयीन आदेश आले. म्हणून संमतिपत्रात ‘कायद्याने परवानगी दिलेल्या मर्यादेत’ हे शब्द घालावेत आणि समोरच्याला त्यांचा अर्थ त्याच्या भाषेत तोंडी समजावून सांगावा. रवांडात ‘वंशसंहाराची विचारसरणी’ पसरवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तिथे आपण परत निघून येतो, पण आपल्याशी बोललेला माणूस तिथेच राहतो.

स्वतःच्या मनाचीही व्यवस्था लावावी लागते. साक्षी ऐकण्याचे काम सकाळीच करावे, दिवसाला दोन-तीन तासांची मर्यादा घालावी आणि रात्री झोपण्यापूर्वी त्या फाइली उघडू नयेत. झोप उडणे, चिडचिड होणे किंवा याच्या उलट काहीच न वाटणे, यांपैकी काही आठवडाभर टिकले तर समुपदेशकाकडे जावे. काहीच न वाटणे हे लक्षण सर्वांत उशिरा ध्यानात येते, कारण आपण आता तयारीचे संशोधक झालो असा तेव्हा समज झालेला असतो.

लेखन, वाद आणि नोकरी

प्रबंध संपण्यापूर्वी दोन लेख प्रसिद्ध व्हावेत; एक वंशसंहार अभ्यासाच्या नियतकालिकात आणि दुसरा आपल्या मूळ ज्ञानशाखेच्या, कारण निवड समितीत बसलेल्या पाचांपैकी चार जण दुसऱ्यावरूनच आपल्याला जोखतात. अमेरिकेतील जागांच्या जाहिराती साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात आणि प्रत्यक्ष भेटी जानेवारी-फेब्रुवारीत होतात. अर्जासोबत एक अभ्यासक्रम वंशसंहाराचा आणि एक सर्वसाधारण पायाभूत विषयाचा, असे दोन तयार आराखडे जोडावेत. प्राध्यापकी न मिळाल्यास संग्रहालये, दप्तरखाने, आंतरराष्ट्रीय न्यायालयांतील संशोधन विभाग आणि मानवी हक्क संस्था याही वाटा आहेत, आणि त्यांना दुय्यम समजण्याचे काही कारण नाही.

हे क्षेत्र वादांपासून दूर राहू शकत नाही. गांबियाने म्यानमारविरुद्ध २०१९ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे दाखल केल्यापासून या विषयाच्या प्राध्यापकाला वर्तमानावर मत विचारले जाणारच. २०२४ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाने आपल्या होलोकॉस्ट व वंशसंहार अभ्यास केंद्राच्या संचालकपदाचा दिलेला प्रस्ताव, त्या अभ्यासकाच्या गाझाविषयीच्या लेखनावरून वाद झाल्यावर, मागे घेतला. याचा अर्थ गप्प राहावे असा होत नाही. परंतु कायद्याचा निष्कर्ष, इतिहासाचा निष्कर्ष आणि नागरिक म्हणून आपले मत, या तिन्हींची सरमिसळ न करता लिहिण्याची सवय पहिल्या लेखापासून लावून घेतली तर वाद झाला तरी निदान आपण नेमके काय म्हटले होते हे दाखवता येते.

वर्गात

आपल्याकडे रेल्वे स्थानकाबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर हिटलरचे आत्मचरित्र यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी विकायला असते, आणि ‘शिस्त लावणारा माणूस’ अशी त्याची प्रतिमा घेऊन वर्गात आलेला एखादा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. त्याला फटकारल्याने तो फक्त गप्प होतो. त्यापेक्षा त्याला त्या राजवटीतला एखादा साधा कागद वाचायला द्यावा, आणि त्या कागदावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, त्यातला कारकून कोण, रेल्वेचा माणूस कोण, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे.

प्रेतांची छायाचित्रे पडद्यावर टाकून वर्ग सुन्न करणे सोपे असते आणि त्यातून शिकले काहीच जात नाही. ती छायाचित्रे बहुधा मारेकऱ्यांनीच काढलेली असतात, आणि आपण त्यांच्याच डोळ्यांनी पाहत राहतो. विद्यार्थ्यांना मारेकरी आणि बळी अशा भूमिका देऊन प्रसंग उभे करण्याचे प्रयोगही टाळावेत. मी एक संपूर्ण तास पोलंडमधील जोझेफूव या गावाला देतो. १३ जुलै १९४२ च्या पहाटे जर्मनीच्या राखीव पोलीस बटालियन १०१ चे सुमारे ५०० पुरुष, बहुतेक हाम्बुर्गचे मध्यमवयीन संसारी लोक, तिथे नेण्यात आले. मेजर ट्रापने रडवेल्या आवाजात त्यांना कामगिरी सांगितली आणि ज्या वयस्कांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे अशी मुभा दिली. त्या क्षणी दहा-बारा जणच पुढे आले. संध्याकाळपर्यंत किमान १,५०० ज्यू मारले गेले. मी एवढेच सांगून थांबतो आणि मग पोलिसांनी १९६० च्या दशकात तपासाधिकाऱ्यांना दिलेल्या जबान्यांत कोणती कारणे सांगितली ते विचारतो: कोण हुकमाचे नाव घेतो, कोण सोबत्यांना काय वाटेल याचे, कोण म्हणतो की वेळच कमी होता. या जबान्या वीस-पंचवीस वर्षांनंतर आणि खटल्याच्या भीतीखाली दिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांवर कितपत विसंबावे हाही त्याच तासाचा प्रश्न.

हा तास सत्राच्या मध्यावर ठेवावा, परीक्षेच्या तोंडावर किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवू नये. वर्गातून मान खाली घालून निघालेली मुले अर्ध्या तासाने एकेकटी आपल्या खोलीशी येतात, आणि त्या वेळी आपण दुसऱ्या बैठकीत असून चालत नाही.